मेटारायझियमनं हुमणी का हटली नाही? ऊस, पाचट आणि धिंगरीसाठी बुरशीचा नेमका वापर

प्रश्न असा आहे. शिरोळ तालुक्यात नदीकाठाला दोन एकर खोडवा, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेला ऊस. मुळं खाणाऱ्या हुमणी अळीनं उसाची बेटंच्या बेटं वाळली, म्हणून गेल्या सप्टेंबरात एकरी दोन किलो मेटारायझियम, म्हणजे किडी मारणाऱ्या बुरशीची पावडर, पाण्यात कालवून बुडख्याला आळवणी केली. फरक पडला नाही. आता विचारणा अशी, की बुरशीच्या नवनव्या जाती सापडल्याच्या बातम्या येतात, त्या संशोधनाचा उसाच्या रानाला काही उपयोग आहे का, की ते सगळं कागदावरच राहतं? शिवाय पाचट, म्हणजे उसाचा वाळला पाला, कुजवायला ट्रायकोडर्मा ही बुरशी चालेल का, आणि घरच्या बायकांच्या बचत गटाला पाचटावर धिंगरी अळंबी घेता येईल का?

आधी हुमणीचं. तुमची पावडर बोगस होती असं लगेच धरू नका. महिना सप्टेंबर, मात्रा एकरी दोन किलो, आणि तीही वरून ओतलेली, हे तिन्ही एकत्र आलं की चांगली पावडरसुद्धा हरते. मेटारायझियम ही जिवंत बुरशी आहे. दाणेदार विष टाकलं आणि अळी मेली, असा तिचा हिशेब नाही. तिला बियाण्याचे नियम लावा: वाफसा, खोली, वेळ, एकरी बियाणं किती, उगवण किती. हे नियम पाळले तर तिच्याकडून बरंच काम होतं.

नव्या संशोधनाचा उपयोग इथूनच सुरू होतो. लंडनच्या क्यू वनस्पतिउद्यानाच्या २०२३ च्या अहवालानुसार बुरशीच्या सुमारे १ लाख ५५ हजार जातींना आजवर नावं मिळाली आहेत आणि एकूण जाती २५ लाखांच्या घरात असाव्यात असा अंदाज आहे. म्हणजे दहातल्या नवाहून जास्त अजून बिननावाच्या. पण आपल्या कामाची गोष्ट या मोठ्या आकड्यात नाही, ती जुन्या नावांच्या फुटीत आहे. मेटारायझियम ॲनिसोप्ली म्हणून जी एक बुरशी सगळे ओळखत होते, ती २००९ मध्ये डीएनए तपासून नऊ वेगळ्या जातींत विभागली गेली. ट्रायकोडर्माचं तर विचारूच नका. १९६९ मध्ये या कुळात नऊ जातीगट मानत होते, २०२० च्या मोजणीत ३७५ जाती झाल्या. आपल्याकडे ट्रायकोडर्मा व्हिरिडी या नावानं विकली जाणारी बुरशी डीएनए तपासणीत बहुतेक वेळा ट्रायकोडर्मा ॲस्पेरेलम निघते. सूक्ष्मदर्शकाखाली या सगळ्या सारख्याच दिसतात. बुरशीची ओळख म्हणून २०१२ मध्ये डीएनएचा जो ठरावीक तुकडा जगभर मान्य झाला, तोसुद्धा या दोन कुळांतल्या जवळच्या जाती वेगळ्या करायला पुरत नाही, आणखी जनुकं तपासावी लागतात.

म्हणून डब्यावरचं नाव आडनावासारखं समजा. गावात पाटील पंचवीस असतात, कुठले पाटील हे विचारावं लागतंच. एकाच जातीत वेगवेगळे वाण, म्हणजे वंश, असतात. एका वाणाला भुंगेऱ्याच्या अळ्या चांगल्या साधतात, दुसऱ्याला तुडतुडे, तिसरा ३२ अंशांच्या वर सुस्तावतो. खरेदी करताना चार गोष्टी वाचा: वाणाचा क्रमांक, ग्रॅममागे जिवंत बीजाणूंची म्हणजे सीएफयूची संख्या, उत्पादनाची तारीख आणि कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक. मेटारायझियम आणि बिव्हेरिया या दुसऱ्या कीडमारी बुरशीच्या पावडरीत ग्रॅममागे किमान १० कोटी बीजाणू हवेत, डब्यावर ते दहाचा आठवा घात असं छापलेलं असतं. ट्रायकोडर्माच्या एक टक्का पावडरीला किमान २० लाख पुरतात. ‘सेंद्रिय’, ‘जैविक शक्ती’ असं मोठ्या अक्षरात आणि संख्या कुठंच नाही, असा डबा परत ठेवा.

आता ही बुरशी अळी मारते कशी, ते समजून घेतलं तर पुढचे सगळे नियम आपोआप पटतील. बीजाणू पोटात जावा लागत नाही. तो अळीच्या कातडीला चिकटतो, ओल मिळाली तर १२ ते २४ तासांत रुजतो, विकरांनी कातडी विरघळवत आणि दाबानं भोक पाडत आत शिरतो. आत रक्तात वाढतो, विषारी द्रव्यं सोडतो. लहान अळी आठ-दहा दिवसांत मरते, मोठ्या हुमणीला तीन-चार आठवडेही लागतात, आणि तोवर ती मुळं खातच असते. मेल्यावर अळी मऊ पडत नाही, कडक होते. आधी पांढरा कापूस आणि नंतर हिरवट चूर्ण तिच्यावर धरतं. त्या एका अळीवरून कोट्यवधी नवे बीजाणू मातीत जातात.

२००७ मध्ये आणखी एक गोष्ट कळली. या बीजाणूकडे दोन वेगळे डिंक असतात, एक किड्याच्या कातडीला चिकटायला आणि दुसरा झाडाच्या मुळाला. २०१२ मध्ये प्रयोगातून दिसलं की मुळाशी राहणारी मेटारायझियम मारलेल्या अळीतलं नत्र झाडाला पोचवते, आणि पुढं हेही दिसलं की झाड बदल्यात तिला आपली साखर देतं. ते प्रयोग घेवडा आणि गवतावर झाले होते, पण ब्राझीलमध्ये उसाच्या मुळांवरही या बुरशीचे नैसर्गिक वाण मिळाले आहेत. माझ्या दृष्टीनं शेतकऱ्यासाठी गेल्या वीस वर्षांतलं सगळ्यात महत्त्वाचं ज्ञान हेच आहे. बुरशी हुमणीच्या अंगावर टाकायची नाही, उसाच्या मुळाशी वसवायची. हुमणी जेवायला तिथंच येते.

मात्रेचा हिशेब करून बघा. एका एकराचा १५ सेंटिमीटरचा थर म्हणजे जवळपास ७९० टन माती. एकरी आठ किलो पावडर, ग्रॅममागे १० कोटी, म्हणजे एकूण ८० हजार कोटी बीजाणू. सगळ्या रानात सारखे पसरले तर एक ग्रॅम मातीला फक्त हजार येतात. तुमच्या दोन किलोंत अडीचशे. हुमणीला लागण व्हायला ग्रॅममागे काही हजार तरी हवेत, मोठ्या अळीला त्याहून कितीतरी जास्त. आता तीच आठ किलो पावडर साडेचार फुटी सरीत फक्त बेटालगतच्या एक फूट पट्ट्यात टाका. लगेच ग्रॅममागे साडेचार हजारांवर गेलो. एक पैसा जास्त न घालता. म्हणून रानभर फोकू नका.

वरून ओतलेलं पाणी हा दुसरा घोटाळा. पावडरीतले बीजाणू मातीच्या वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्येच गाळले जातात, भारी काळ्या मातीत तर आणखी वर. तिथं ऊन त्यांना मारतं. उघड्यावर काही तासांत निकाल लागतो. हुमणी ५ ते २० सेंटिमीटरवर असते. दोघांची गाठच पडत नाही. आळवणी करायचीच असेल तर आधी बेटाजवळ कुदळीनं किंवा पहारीनं चर काढा, त्यात ओता आणि मातीआड करा.

आणि वेळ. होलोट्रायकिया जातीची हुमणी वळवाच्या पावसानंतर भुंगेऱ्यांच्या रूपात संध्याकाळी बाहेर पडते, कडुनिंब, बाभळ, बोरीवर बसते, पाला खाते, मीलन होतं आणि पहाटेपूर्वी पुन्हा मातीत जाते. अंडी साधारण दहा ते पंधरा दिवसांत फुटतात. पहिल्या अवस्थेची अळी महिनाभर सेंद्रिय पदार्थ आणि तंतुमुळं खात असते. हाच काळ बुरशीचा. नक्षत्रांत सांगायचं तर आर्द्रा ते तरणा पाऊस, म्हणजे जूनच्या शेवटापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. म्हाताऱ्या पावसानंतर दर आठवड्याला हातातली संधी कमी होत जाते. ऑगस्टच्या मध्यापासून तिसऱ्या अवस्थेच्या अळ्या दिसतात. त्यांची कातडी जाड, शरीर मोठं, भूक प्रचंड. सप्टेंबरात ऊस वाळायला लागल्यावर आपण जागे होतो, पण तेव्हा त्या हंगामाचं पीक एकट्या बुरशीनं वाचत नाही. तेव्हा कृषी विद्यापीठानं शिफारस केलेलं कीटकनाशकच चराच्या आत द्यावं लागतं, आणि बुरशीची तयारी पुढच्या जूनसाठी करायची.

नदीकाठच्या रानाला एक वेगळी बाब लागू होते. पंचगंगा, वारणा, कृष्णेच्या काठाला ल्युकोफोलिस जातीची हुमणी बऱ्याच ठिकाणी असते. तिचे भुंगेरे जून-जुलैत संध्याकाळी थोडाच वेळ बाहेर येतात आणि झाडांचा पाला फारसा खात नाहीत. त्यामुळं बाभळी झोडपून, कडुनिंबावर फवारून भुंगेरे गोळा करण्याचा उपाय तिथं फसतो. प्रकाश सापळा संध्याकाळी सातपासून तासभर चालवून बघा, तेव्हा कळेल रानात कोण आहे. आणि पुराचं पाणी बसणारं रान असेल तर पूर येण्याआधी टाकलेली पावडर फुकट जाऊ शकते. पाणी साचलेल्या मातीत हवा नसते, बीजाणू रुजत नाहीत. तिथं अर्धी मात्रा मोठ्या बांधणीला द्या आणि अर्धी पाणी ओसरून वाफसा आल्यावर.

टाकण्याची रीत सांगतो. एकरी आठ किलो पावडर आणि १०० ते १५० किलो पूर्ण कुजलेलं, चाळलेलं शेणखत. खत हाताला गार लागलं पाहिजे. आत ऊब असेल तर ते कुजलेलं नाही आणि त्या उष्णतेत बुरशी मरते. खतात हुमणीच्या अळ्या आहेत का तेही आधी बघा, कारण बरेचदा आपणच त्या रानात नेतो. मात्र उकिरड्यातली प्रत्येक पांढरी अळी हुमणी नसते. सपाट जमिनीवर सोडल्यावर जी पाठीवर उताणी सरकत जाते ती फुलभुंग्याची अळी, ती कुजणारा पालापाचोळा खाते. हुमणी कुशीवर वाकडी होऊन पडते. खतावर पाणी शिंपडून मुठीत गोळा होईल इतकी ओल करा, पावडर सावलीत थराथरानं मिसळा, ओल्या गोणपाटाखाली रात्रभर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वापरा. आठ-पंधरा दिवस ठेवून ‘वाढवायची’ गरज नाही. ट्रायकोडर्मा शेणखतात वाढते, मेटारायझियम फारशी वाढत नाही. तिथले इतर जीव तिला जागा देत नाहीत.

मोठ्या बांधणीच्या वेळी बेटालगत चर घ्या, खत ओळीनं सोडा, लगेच माती ओढून घ्या. ढगाळ दिवस किंवा दुपारी चारनंतरची वेळ निवडा. मातीत वाफसा हवा. कोरड्या मातीत टाकलं तर त्याच संध्याकाळी हलकं पाणी द्या. आडसाली लावणीत हेच सरीच्या तळाला, टिपरी, म्हणजे उसाचं बेणं, ठेवण्याआधी. पाचट ठेवलेल्या रानात बुरशी जास्त टिकते, कारण खाली ओल आणि सावली राहते. ब्राझीलमध्ये ऊस जाळून तोडणं कमी झालं तेव्हा पाचटाच्या ओलाव्यात मुळांवरचे तुडतुडे वाढले, आणि त्याच ओलाव्यानं मेटारायझियमलाही साथ दिली. आज तिथं लाखो हेक्टर उसावर ती वापरतात. पाचट पेटवणाऱ्यानं जैविक बुरशीवर पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

एका हंगामात सगळी हुमणी जाणार नाही. पहिल्या वर्षी कमी होईल, सलग तीन वर्षं टाकलं तर बुरशी रानात बसते. शेजाऱ्याच्या रानातून भुंगेरे उडत येतात, म्हणून गल्लीतल्या आठ-दहा जणांनी मिळून केलं तरच खरा फरक दिसतो. जोडीला कीटकभक्षी सूत्रकृमी, म्हणजे किडीत शिरून तिला मारणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक जंत, वापरायचे असतील तर क्रम लक्षात ठेवा: आधी बुरशी, तीन-चार आठवड्यांनी सूत्रकृमी. बेल्जियममध्ये दुसऱ्या एका जातीच्या हुमणीवर झालेल्या प्रयोगात असा खंड ठेवल्यावर दोघांचा मिळून परिणाम बेरजेपेक्षा जास्त आला, कारण बुरशीनं आजारी पडलेली अळी सूत्रकृमींना सोपी जाते.

आता गुळाच्या पिंपाबद्दल, कारण आपल्या भागात ही पद्धत फार पसरली आहे. २०० लिटर पाणी, दोन किलो गूळ, एक किलो पावडर, सात दिवस काठीनं ढवळा आणि ‘दोनशे किलोचं काम’ करा, असं सांगितलं जातं. निर्जंतुक न केलेल्या गूळपाण्यात यीस्ट आणि जिवाणू दीड-दोन दिवसांत सगळी जागा घेतात. मेटारायझियम सावकाश वाढणारी, ती मागं पडते. पिंपाला आंबूस वास येतो आणि फेस धरतो, त्याला लोक बुरशी वाढल्याची खूण समजतात. ती यीस्टची खूण आहे. शिवाय पातळ द्रावणात ही बुरशी वाढलीच तर टणक बीजाणू न करता नाजूक कोशिका करते, त्या मातीत फार टिकत नाहीत. गूळ चहाला ठेवा.

वाढवायचीच असेल तर तांदळाच्या कणीवर. एक किलो कणी, ४०० ते ५०० मिली पाणी, अर्धा तास मुरवा, उष्णता सहन करणाऱ्या पिशव्यांत पाव-पाव किलो भरा, तोंडाला कापसाचा बोळा. प्रेशर कुकरमध्ये १५ पौंड दाबावर अर्धा ते पाऊण तास शिजवा. गार झाल्यावर शुद्ध मातृकल्चर, म्हणजे प्रयोगशाळेतलं मूळ कल्चर, घाला. बाजारची पावडर इथं चालत नाही, तिच्यात इतर जीव असतात. २५ ते २८ अंशांत बारा ते पंधरा दिवस. चौथ्या-पाचव्या दिवशी पांढरी जाळी, आठव्या-दहाव्या दिवसापासून गडद हिरवा रंग. दुसऱ्या-तिसऱ्याच दिवशी हिरवं झालं तर ती दुसरीच बुरशी. काळी पूड, गुलाबी-केशरी कापूस किंवा चिकट घाण वास, यांतलं काहीही दिसलं तर पिशवी न उघडता पुरून टाका. काळ्या-पिवळ्या ॲस्परजिलसची पूड छातीत जाणं धोक्याचं आहे.

पावडर जिवंत आहे का हे घरी तपासता येतं, आणि माझा आग्रह आहे की शंभर रुपयांहून जास्त खर्च करण्याआधी तपासाच. रानातून लहान हुमण्या वीस आणा. वीस प्लॅस्टिकचे कप, प्रत्येकात एकच अळी, कारण एकत्र ठेवल्या तर त्या एकमेकींना चावतात आणि जखमेनं मरतात. अर्धा किलो ओलसर मातीत पाच ग्रॅम पावडर मिसळून ती दहा कपांत वाटा. उरलेल्या दहांत नुसती माती. प्रत्येकात गाजराची चकती, वरून भोकाचं झाकण, कप अंधारात. दर चौथ्या दिवशी बघा, चकती बदला, माती कोरडी पडू देऊ नका. मेलेली अळी ओल्या कापसावर झाकणाच्या डबीत ठेवा. पाच-सहा दिवसांत पांढरी होऊन हिरवी झाली तर मेटारायझियमनं काम केलं. काळी, मऊ, दुर्गंधी आली तर ती जिवाणूनं किंवा जखमेनं मेली, ती मोजू नका. या प्रमाणात माती रानापेक्षा शेकडो पट दाट भरलेली असते. तरीही चार आठवड्यांत पावडरीच्या दहांपैकी दोन-तीनच हिरव्या झाल्या, तर तो डबा किंवा तो वाण तुमच्या हुमणीवर चालत नाही, हे नक्की.

रानात बुरशी बसली का, हेही असंच कळतं. मधमाश्यांच्या जुन्या पोळ्यातल्या मेणअळ्या मातीच्या नमुन्यात सोडायच्या आणि दोन आठवडे बघायचं. ही पद्धत १९८६ पासून जगभर वापरतात, आणि मधपाळाकडं मेणअळ्या हव्या तेवढ्या मिळतात.

बुरशीनाशकाचं भान मात्र सोडू नका. कार्बेन्डाझिम, मॅन्कोझेब, हेक्झाकोनॅझोल, ताम्रयुक्त औषधं या कुठल्याच गोष्टी मेटारायझियमसोबत एका पिंपात नकोत, आणि आळवणीत किमान पंधरा दिवसांचं अंतर हवं. टिपरी बुरशीनाशकात बुडवून लावली असेल तर सरीत बुरशी न टाकता ती पहिल्या बांधणीला द्या. उसात सोयाबीनचं आंतरपीक असणाऱ्यांनी आणखी एक बघावं. ऑगस्ट-सप्टेंबरात पानावर पांढऱ्या, ताठ, खडूसारख्या अळ्या दिसल्या तर ती मेटारायझियम रायली, जिला आधी नोमुरिया म्हणत. ओल्या हवेत तिची साथ आठवड्याभरात तंबाखूच्या पानं खाणाऱ्या अळीला साफ करू शकते. नेमकं त्याच वेळी आपल्याकडं तांबेऱ्यासाठी बुरशीनाशक फवारतात आणि ती साथ मोडते. तांबेऱ्याला तोंड देणारा केडीएस ७२६ म्हणजे फुले संगमसारखा वाण घेतला तर ही पेचाची वेळ कमी येते.

पाचटाचा प्रश्न सोपा आहे. एकरी तीन ते चार टन पाचट निघतं, त्यात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास आणि कर्ब भरपूर. कुजवणाऱ्या बुरशीला शरीर बांधायला नत्र लागतं. पाचटात नाही मिळालं की ती मातीतलं ओढते आणि खोडवा पिवळा पडतो. पाचटानं ऊस पिवळा पडतो ही तक्रार इथून येते. टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो कुजवणारं कल्चर, म्हणजे एकरी साधारण ३२ किलो, ४० किलो आणि ४ किलो. बुडखे जमिनीलगत छाटून मोकळे ठेवा, पाचट सरीत दाबा, युरिया-सुपर फोका, पाणी द्या, आणि ओल्या पाचटावर शेणकाल्यात कालवलेलं कल्चर शिंपडा. कोरड्या पाचटावर शिंपडणं म्हणजे कल्चर उन्हात वाळवणं. ट्रायकोडर्मा इथं चालते, पण एकटी नको. ती सेल्युलोज चांगलं खाते, लिग्निन तिला जड जातं. मिश्र कल्चर बरं. मुळकूज आणि टिपरी कुजण्यासाठी ट्रायकोडर्मा वेगळी द्या: एक किलो पावडर १०० किलो ओलसर शेणखतात, सावलीत झाकून दहा-बारा दिवस, दर तीन-चार दिवसांनी वरखाली. ही बुरशी खतात खरंच वाढते.

धिंगरी. होय, पाचटावर येते, पण नुसत्या पाचटावर उत्पादन कमी आणि पहिला बहर उशिरा येतो, कारण पानावर मेणाचा थर आणि आत सिलिका. अर्धं पाचट आणि अर्धं भाताचं पिंजर किंवा गव्हाचं काड घ्या. पाचट पिवळंधमक, पावसात न भिजलेलं, आणि तोडणीआधीच्या महिन्यांत औषध न मारलेल्या रानातलं असावं. कल्चर शिंपडलेलं पाचट तर मुळीच नको.

दहा किलो कोरडा माल धरा. तीन ते पाच सेंटिमीटर तुकडे करा, पोत्यात भरून बारा ते सोळा तास भिजवा. मग ७० ते ८० अंशांच्या पाण्यात एक तास. थर्मामीटर नसेल तर तळातून बारीक बुडबुडे सुटतात पण उकळी फुटत नाही, तो टप्पा. फॉर्मेलिन आणि कार्बेन्डाझिमची थंड पद्धत प्रचलित आहे, पण घरात, पोराबाळांत मी ती सुचवणार नाही. निथळून मूठभर माल दाबा: तळवा ओला व्हावा, थेंब पडू नये. दहा किलोंचा आता तीस किलो ओला माल झाला. त्याला सहाशे ग्रॅम धिंगरीचं बियाणं (धान्यावर वाढवलेली बुरशी, म्हणजे स्पॉन), म्हणजे दोन टक्के. १४ बाय २२ इंची पिशवीत साधारण चार किलो माल, चार-पाच थरांत, बियाणं कडेनं जास्त. तोंड बांधून दहा-पंधरा छिद्रं पाडा. २२ ते २६ अंशांत पंधरा ते अठरा दिवसांत पिशवी पांढरीशुभ्र होते. मग प्लॅस्टिक काढून टांगा, गोणपाट भिजवून हवेत ८० ते ८५ टक्के ओल ठेवा आणि दिवसातून दोनदा खिडक्या उघडा. दांडे लांब आणि छत्री बारीक आली तर हवा कोंडली आहे. छत्री पिवळी पडून सुकली तर ओल कमी. कोल्हापुरात जुलै ते फेब्रुवारी हा काळ सोपा. मार्च ते मे पत्र्याच्या शेडात प्रयत्नच करू नका. तीन बहर मिळून दहा किलो कोरड्या मालाला पाच किलोच्या आसपास ताजी धिंगरी मिळाली तर काम ठीक चाललं आहे.

पिशवीवर हिरवे डाग पडले तर ती बहुतेक वेळा ट्रायकोडर्माच असते. धिंगरीवरच जगणाऱ्या तिच्या दोन जाती २००७ मध्ये वेगळ्या ओळखल्या गेल्या. रानातली सोबतीण शेडात वैरीण होते. म्हणून ट्रायकोडर्माचे डबे, ते खत मिसळलेली घमेली आणि ते काम केलेले कपडे अळंबीच्या खोलीत नेऊ नका. आधी शेडातलं काम, मग रानातलं. डाग रुपयाएवढा असेल तर त्यावर ओला चुना लावा, मोठा असेल तर पिशवी बाहेर काढा. काढणी छत्रीच्या कडा वर वळण्याआधी करा. उशीर केला तर पांढरी भुकटी उडते, आणि तीच रोज श्वासातून गेली की खोकला, ताप, दमा मागं लागतो. शेडात जाणाऱ्या प्रत्येकीनं तोंडाला नीट बसणारा मास्क लावावा, हे गटाच्या पहिल्याच बैठकीत ठरवून घ्या.

पावसाळ्यात राधानगरी, शाहूवाडी, आजरा, चंदगडकडून येणारी रानअळंबी गटाच्या मालात मिसळू नका. वारुळावरची अळंबी वाळवीनं आपल्या बागेत वाढवलेली असते, तिला खाली लांब मूळ असतं आणि ती पिशवीत घेता येत नाही. बांधावरचं वारूळ फोडलं की तिथली अळंबी कायमची गेली. गवतात उगवणारी, पांढरी, तपकिरी खवल्यांची, दांड्याला कडं असलेली मोठी छत्री मात्र विषारी असू शकते. छत्री पांढऱ्या कागदावर रात्रभर उपडी ठेवा. सकाळी हिरवट ठसा उमटला तर ती खाऊ नका. ठसा हिरवा नसला म्हणून ती खाण्याजोगी ठरत नाही. जाणत्या माणसानं ओळखलेलीच खावी. कांदा काळा पडतो का, चांदीचा चमचा काळवंडतो का, या परीक्षांनी माणसं दगावली आहेत. खाल्ल्यानंतर सहा तासांनी किंवा त्याहून उशिरा उलटी-जुलाब सुरू झाले तर घरगुती उपाय न करता उरलेली अळंबी सोबत घेऊन थेट कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय गाठा. उशिरा दिसणारं विष यकृतावर जातं, आणि मधे दिवसभर बरं वाटलं तरी ते थांबलेलं नसतं.

धिंगरीचे तिन्ही बहर झाले की पिशवीतला भुसा उकिरड्यावर न टाकता महिनाभर कुजवून बांधणीच्या शेणखतात मिसळा. फक्त मेटारायझियम त्यात घालण्याआधी तो पूर्ण गार झालाय ना, हे हात आत घालून बघा.